इनोकुमा आजारी होते

सोमवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी इनोकुमा यासुजी यांनी ऑफिसातल्या चहाच्या टेबलावर मिठाईचा डबा ठेवला, झाकण काढलं आणि दर प्रवासानंतर म्हणायचे तसं म्हणाले, "फार काही नाही, पण घ्या सगळ्यांनी." आठ एकवीसला त्यांच्या लक्षात आलं, की गुरुवारी आणि शुक्रवारी आपण आजारी होतो.

एकोणचाळीस अंश सेल्सिअस ताप. फोनवर त्यांनी स्वतःच तसं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते दोन दिवस कागोशिमाजवळच्या इबुसुकीच्या किनाऱ्यावर, तिथलं प्रसिद्ध वाळूस्नान घेत, गरम काळ्या वाळूत गळ्यापर्यंत पुरून पडले होते. घरी बायकोला, चिएकोला, 'कंपनीच्या मालाच्या तपासणीला परगावी जातोय' असं सांगितलं होतं, कारण खरं सांगितलं असतं तर सासूबाईही निघाल्या असत्या. अंगावर वाळू ओढणारी बाई म्हणाली होती, "दहा मिनिटं हलायचं नाही हं." तेवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच नुसतं पडून राहणं हेच त्यांचं काम होतं. इनोकुमांचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते.

परतताना कागोशिमाच्या स्टेशनात गाडीला बारा मिनिटं होती. सगळे प्रवासी मिठाईच्या दुकानापुढे रांगेत उभे होते, म्हणून तेही राहिले. ऑफिसात माणसं चौदा. "चौदाचा डबा द्या," त्यांचं तोंड म्हणालं. डोकं अजून वाळूतच होतं.

आणि हे सगळं नेमकं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. एक एप्रिलला गोदामप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती. नळ बनवणाऱ्या त्या कंपनीत इनोकुमांपेक्षा हुशार माणसं पुष्कळ होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांच्या बाजूने एकच गोष्ट होती. इनोकुमा म्हणाले म्हणजे तसंच असणार, असं ओकायामाच्या त्या अख्ख्या ऑफिसात मानलं जायचं.

"कागोशिमाची रताळ्याची वडी!" तोमिओकाबाई वेष्टन वाचत म्हणाल्या. त्या हिशेबखात्यातल्या सर्वांत जुन्या. "ताप बराच लांब फिरून आलेला दिसतोय."

"मेहुणे आले होते," इनोकुमा म्हणाले. "तिकडचे. मला बघायला."

तोमिओकाबाईंनी तोंडाशी नेलेली वडी खाली ठेवली. "तापाला बघायला? कागोशिमाहून?"

"हो. म्हणजे, तसं..."

"इनोकुमासान, काय झालंय ते आम्हाला सांगायला नको. पण एवढ्या लांबून नातेवाईक साध्या तापाला येत नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आले होते."

"सासरे कसे आहेत आता?"

"गेले ना."

दहा वाजेपर्यंत दुखणं पोटाचं आहे, असं ठरलं. अकराला शेजारच्या टेबलावरचा फुकुदा येऊन इनोकुमांच्या फाइली उचलून घेऊन गेला. गुरुवारी-शुक्रवारीही त्यांचं काम त्यानेच ओढलं होतं, दोन्ही दिवस शेवटची गाडी पकडून. जेवणाच्या सुट्टीत इनोकुमा डुकराच्या कटलेटच्या आशेने उठले, तर तोमिओकाबाई वाडगा घेऊन पुढ्यात हजर. मऊ भात, त्यावर एक आंबट खारं बोर.

"बाई, मला खरंच भूक आहे."

"असं वाटतं हो सुरुवातीला. खा."

मंगळवारीही मऊ भात आला. खुर्चीवर उशी आली. जिन्यात फुकुदाने त्यांची पिशवी धरली आणि दुसऱ्या हाताने कोपर धरलं. बुधवारी सकाळी इनोकुमांना ते सोसेना. ते विभागप्रमुख मुराओकांच्या खोलीत गेले आणि कमरेत पूर्ण वाकले.

"साहेब, मला एक सांगायचंय. गुरुवारी मी आजारी नव्हतो. मी..."

"बसा, इनोकुमासान. वाकू नका. पोटावर ताण येतो."

"साहेब, पोटाला काही झालेलं नाही. मी इबुसु..."

"थांबा." मुराओकांनी चष्मा काढून पुसला. "फुकुदाच्या मुलीचा शुक्रवारी वाढदिवस होता. तो पोचला तेव्हा ती झोपली होती. तोमिओकाबाईंनी तुमच्यासाठी देवळात जाऊन ताईत आणलाय. मी स्वतः वरच्या साहेबांना सांगितलंय, की इनोकुमा अंथरुणाला खिळला होता. आता सांगा. तुम्ही आजारी होता की नव्हता?"

खिडकीबाहेर मालाचा ट्रक मागे येत होता. तो पुरता थांबेपर्यंत इनोकुमांनी त्याच्याकडे पाहिलं.

"होतो, साहेब."

"छान. काळजी घ्या."

बाहेर आल्यावर इनोकुमांनी सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. यांना माहीत आहे की नाही, हे एकाही चेहऱ्यावरून कळेना. माहीत नसेल, तर ही माणसं फार चांगली होती. माहीत असेल, तर त्याहून चांगली. दोन्हीपैकी काहीही असलं तरी निवृत्तीपर्यंतची तेरा वर्षं मऊ भात खावा लागणार होता.

गुरुवारी फलकावर बदल्यांची यादी लागली. गोदामप्रमुख, फुकुदा. इनोकुमा यासुजी, तळमजला, जुन्या कागदपत्रांची खोली. तब्येतीचा विचार करून. फुकुदा त्यांच्यापुढे येऊन इतका वेळ वाकून उभा राहिला, की शेवटी त्यांनीच त्याला सरळ केलं.

"तुमचीच खुर्ची होती, दादा," तो म्हणाला. "तुम्ही फक्त बरे व्हा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं की नाही, हे इनोकुमांना तिथेही कळलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मुराओका त्यांच्या टेबलाशी आले. "उद्या तीनला आम्ही चौघं घरी येतोय. तुम्हाला बघायला."

"साहेब, नको, कशाला त्रास..."

"त्रास कसला? आजारी माणसाला बघायला जायचं नाही तर कुणाला?"

चिएकोला सगळं सांगून टाकायचं, असं इनोकुमांनी शुक्रवारी रात्री ठरवलं. ती इस्त्री करत होती. शनिवारी सकाळी पुन्हा ठरवलं. ती म्हणाली, "अहो, तपासणी करून आल्यापासून तुमचा चेहरा कसा उतरलाय. फार राबवतात तुम्हाला." त्यानंतर सांगायची सोय राहिली नाही. तीनला दहा कमी असताना ते वर गेले, गादी अंथरली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि थर्मामीटर काखेत धरला. छत्तीस पूर्णांक चार, म्हणजे ताप अजिबात नाही.

तीनला घंटा वाजली. चिएकोचं आश्चर्यभरलं "या, या" ऐकू आलं. मग मुराओकांचा खालच्या पट्टीतला आवाज बराच वेळ चालला. मधेच तोमिओकाबाईंनी नाक शिंकरलं.

"हो का?" चिएको म्हणाली. "मागच्या गुरुवारपासून?"

त्यापुढचं बोलणं, खालचं दार सरकवून लावल्यामुळे, ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने चहाचे कप मांडल्याचे आवाज आले. इनोकुमांनी मोजले. पाहुणे चार, चिएको एक, आणि कप पाच.

तीन वाजून चोवीस मिनिटांपर्यंत जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलेलं नव्हतं.