मजबूत कुलपाची अडचण

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मिस्त्रींनी परदेशी कुलूप सायकलच्या तारेने उघडले. नऊ सेकंद लागले. व्यापार खात्याच्या साहेबांनी घड्याळ पाहून तसे लिहून घेतले.

दोन देशांचा करार व्हायचा होता. परदेशी मालावरचे आयातशुल्क उठणार होते. ज्या धंद्यांचा त्याने निकाल लागेल, तेवढ्यांची एक यादी करून त्यांच्यापुरते शुल्क राहणार होते. कुलपांच्या गल्लीतले बेचाळीस कारखाने त्या यादीत बसतात का, हे पाहायला साहेब आले होते. गल्लीने मिस्त्रींना पुढे केले होते.

"आता आमचं उघडून दाखवा," मिस्त्री म्हणाले.

साहेबांनी प्रयत्न केला, मग त्यांच्या ड्रायव्हरने. तार वाकली, कुलूप हलले नाही. गल्लीने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी अभिप्राय लिहिला : स्थानिक माल सरस. संरक्षणाची गरज नाही.

मिस्त्रींनी तो दोनदा वाचला. "साहेब, हे उलटंच झालं."

"उलटं कसं? कुलूप चांगलं आहे ना तुमचं?"

"चांगलंच आहे."

"मग भीती कसली?"

"त्यांचं निम्म्या भावात येतं. गिऱ्हाईक काय दुकानात तार घेऊन येतं का?"

"भावाचा रकाना नाही यात, दर्जाचा आहे. माल कमजोर असेल तर तसं सिद्ध करा. चारला मला फोनवर कळवायचंय."

मिस्त्रींची बायको कारखान्याच्या कोपऱ्यात कुलपांत स्प्रिंगा बसवत होती. "अहो, मग म्हणा की कमजोर आहे. जीभ झडेल का तुमची?"

"वीस वर्षं माझा ठसा मारतोय त्यावर. कमजोर म्हटलं तर कोण घेईल?"

"आणि नाही म्हटलं तर?"

मिस्त्रींनी विचार केला. "तरी कोण घेईल?"

शेवटी असे ठरले की मिस्त्रींनी आपलेच कुलूप साहेबांदेखत तारेने उघडावे. उघडले तर माल कमजोर, गल्ली यादीत. बोभाटा नको म्हणून शटर ओढले. पण ओढता ओढता ठोक व्यापारी आत शिरला. तीनशे कुलपे न्यायला आला होता. प्रकार ऐकून त्याने स्टूल पुढे घेतले.

"मीही बघतो. उघडलं तर माल तुमच्याकडेच राहू द्या."

दोन वाजता मिस्त्री बसले. तीनला त्यांनी चष्मा पुसला. साडेतीनला बायको कानाशी वाकली.

"जमत नाहीये, की करत नाही आहात?"

"मलाच कळेना झालंय."

चारला साहेबांचा फोन वाजला. त्याच क्षणी कुलपातून खट् असा बारीक आवाज आला आणि कडी केसभर वर सरकली. मिस्त्री मोठ्याने खोकले. त्यांनी कडीवर अंगठा दाबून धरला. बायकोने ते पाहिले आणि मान वळवली.

"काय झालं?" व्यापाऱ्याने विचारले.

"उघडलं का?" फोनवर हात ठेवून साहेबांनी विचारले. "हो की नाही, एवढंच सांगा."

चार वाजून दोन मिनिटांनी मिस्त्रींचा अंगठा कडीवरच होता.