बिनमालाचा ट्रक

आमच्या नलूआत्याच्या पर्समधून पाकिटाच्या आधी टेप निघतो. लोखंडी, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारा. त्या टेपच्या जोरावर तिनं निम्म्या गारखेड्याशी वैर घेतलंय. बाही अर्ध्या सेंटिमीटरनं आखूड म्हणून एकच ब्लाउज शिंप्याकडं तीनदा परत गेला. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोहे येईपर्यंत आत्यानं त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या आणि मुलीच्या वडिलांना सांगितलं, "चौथी पायरी दोन सेंटिमीटरनं उंच आहे. कुणीतरी पडेल." पुढं कुणी पडलं की नाही माहीत नाही, माझं लग्न मात्र तिथंच आपटलं.

आत्यानं जन्मभर पाचोडच्या शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही. माझे वडील म्हणतात, मापात बसणारा मिळाला नसेल. निवृत्त झाल्यावर बायका गुडघ्यांना तेल चोळतात, यात्रेला जातात. आत्यानं जुना पिकअप विकत घेतला आणि त्याला पिकअप म्हणू देईना. "मागं हौदा आहे ना? मग ट्रक." चालवायची पण स्वतःच, पदर खोचून.

मग तिच्या डोक्यात रुंद टायर शिरले. मागचे टायर दीडपट रुंद पाहिजेत. कशाला, ते सांगेना. मी विचारलं तर म्हणाली, "तुला नववीत गणितात पस्तीस होते."

काम युनूसभाईंकडं गेलं. युनूसभाई गॅरेजवाले, पन्नाशीचे, लहानपणी पाचोडला आत्याकडंच गणित शिकलेले. हे त्यांचं दुर्दैव. त्यांनी रुंद टायर चढवून पाहिला, तर तो आतून पाट्यांना घासायला लागला. पाटे म्हणजे मागच्या चाकांचे धक्के सोसणाऱ्या, एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या.

"बाई, मधी एक चकती टाकतो, चाक भाईर सरकतंय. सगळे असंच करतात."

"आणि बेअरिंगवरचा ताण कोण घेईल, तू?"

तिनं आलेखाच्या कागदावर आकृती काढून दिली. चाक जागेवर, पाटेच दोन्हीकडून सारखे आत सरकवायचे. गाडीच्या सांगाड्याला नवे ब्रॅकेट लागले, वेल्डिंग झालं. आत्या चटई टाकून गाडीखाली आडवी झाली आणि तिनं पाट्यांच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. डावा तीन मिलिमीटरनं जास्त निघाला.

"बाई, तीन मिलिमीटर म्हंजे नुसता रंगाचा थर," युनूसभाई काकुळतीला आले.

"मोजलं होतंस का?"

"अंदाज घेतला होता."

"अंदाजाला मी मार्क देत नाही."

सगळं कापून पुन्हा जोडलं. एवढ्यावर थांबेल तर ती आत्या कसली. तिनं पाट्यांच्या थप्पीतले दोन पाटे काढून टाकायला लावले, गाडी मऊ चालावी म्हणून.

"मग माल काय भरणार, बाई? वजन टाकलं की गाडी बसंल खाली."

"माल भरायचाच नाही."

ही बातमी गल्लीभर झाली. चेष्टेत पुढाकार माझा होता, हे कबूल करतो. मी त्या ट्रकला आत्याचं सासर म्हणायचो, तिच्या तोंडावर. ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा कमी आवाज करतंय."

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी ती मला म्हणाली, "चल, गाडी कशी चालते बघू." गावाच्या अलीकडं तिनं डांबरी सोडली आणि ट्रक मोसंबीच्या बागांमधून काळ्या रानात घातला. चिखल असा, की पाय उचलावा आणि चप्पल तिथंच राहावी. ट्रक डुलत गेला, पण रुतला नाही. वाट संपली तिथं पत्र्याचं घर होतं, आणि दारात खुर्चीवर इस्त्रीची साडी नेसलेली एक बारकीशी म्हातारी, पिशवी मांडीवर घेऊन.

या कुसुमबाई. त्याच शाळेत मराठी शिकवायच्या. नोकरी संपेपर्यंत दोघी पाचोडला एका खोलीत राहिल्या, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या पुतण्याच्या शेतातच होत्या.

"पावसाळ्यात जीप येत न्हाई इथं, एरवी आली तर धक्के सोसत न्हाईत यांना," पुतण्या मला सांगायला लागला. "बाजंवर घालून चौघं नेतो म्हणलं डांबरीपर्यंत, तर ऐकत न्हाईत."

"जित्तेपणी चौघांच्या खांद्यावर नाय जायची मी," कुसुमबाई म्हणाल्या. "नलीला म्हणलं, तूच काय तरी कर."

आत्या दार उघडून सीट झटकत होती. मी आणि पुतण्यानं कुसुमबाईंना उचलून पुढं बसवलं.

त्यांना फक्त बाजार बघायचा होता. खिडकीतूनच त्यांनी मिरच्यांचा भाव केला, गरम भजी खाल्ली. दोन-तीन भाजीवाले "बाई, बाई" करत आले, त्यांची हजेरीपटावरची नावं कुसुमबाईंना अजून आठवत होती.

परतताना मी मागं हौद्यात उभा होतो. गाव सोडल्यावरही गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये. रस्ता मोकळा, इंजिन बोंबलतंय, ट्रॅक्टर आम्हाला हॉर्न देऊन पुढं जातायत. मला वाटलं, गिअर अडकला. मी काच वाजवायला खाली वाकलो.

कुसुमबाईंना झोप लागली होती. डोकं आत्याच्या डाव्या दंडावर. गिअर बदलायचा तर तो हात हलवावा लागला असता.

आत्यानं मला आरशात पाहिलं आणि नको अशी मान हलवली. दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. आम्ही तसेच, दुसऱ्या गिअरमध्ये, शेतापर्यंत.