सुधाभाऊंचं स्पेनचं गाऱ्हाणं

कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात ते पाऊसपाण्यासाठी, आजारपणासाठी, फार तर कोर्टातल्या दाव्यासाठी. आमचे शेजारी सुधाभाऊ तांडेल दर श्रावणात ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात ते स्पेनमधल्या एका फुटबॉल टीमच्या लेफ्ट बॅकच्या गुडघ्यासाठी. गळ्यात हिरवा-पांढरा लोकरी मफलर. रत्नागिरीच्या उकाड्यात घाम निथळत असतो, पण मफलर निघत नाही.

टीम तुमच्या ऐकण्यातली नाही. टीव्हीवर दिसतात त्या सगळ्या वरच्या. ही खालच्या डिव्हिजनमधली, आणि खेळते तो कपही खालच्यांचाच. त्यातसुद्धा आधी आपापल्या प्रांतातली पात्रता फेरी पार करावी लागते, तेव्हा कुठे देशपातळीवर नाव लागतं. मला हे समजेना, तेव्हा सुधाभाऊंनी समजावलं, "वसंता, जिल्हा परिषदेच्या खाली पंचायत समिती, तिच्या खाली ग्रामपंचायत. आपली पोरं अजून ग्रामसभेतच अडकलीत."

"आपली पोरं" म्हणतात ते त्यांना. आळीतल्या नव्या सुनांना पुष्कळ दिवस वाटायचं, सुधाभाऊंची मुलं परदेशात असतात. सुधाभाऊंना मूलबाळ नाही.

जहाजावर नोकरीला असताना इंजिन बिघडून त्यांची बोट तिकडच्या एका लहानशा बंदरात अडकून पडली होती. बंदराला लागूनच मैदान. "पाऊस आपल्यासारखा, मासळी आपल्यासारखी. चेंडू समुद्रात गेला की होडीवाला काढून देतो. बघायला कोण, तर पोरांच्या आया! त्यातल्या एकीनं मला भिजताना बघितलं आणि स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. आता मी त्यांच्या विरुद्ध पार्टीत जाऊ काय?"

गुरवाने सुरुवातीला हरकत घेतली होती. "सुधाभाऊ, ह्या देवाची हद्द वेशीपर्यंत."

"मग बोटीवर मला कोणी सांभाळलं? बोट काय वेशीच्या आत नांगरली होती?"

तेव्हापासून नारळ गुरवच वाढवून देतो.

गाऱ्हाण्याला दुसरा माणूस लागतो. एकाने मागायचं, दुसऱ्याने दर मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, नाहीतर मागणी अधांतरी राहते. वर्षानुवर्षं हे काम वहिनींनी केलं, पदर सावरत, हसू दाबत. वहिनी गेल्या त्या श्रावणात सुधाभाऊ नारळ घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "व्हय म्हणायला माणूस हवा." मला बोलायला कमी येतं. दोनच शब्दांचं काम म्हणून मी गेलो आणि मग दर वर्षी जात राहिलो.

"बा देवा म्हाराजा, सात समुद्रापल्याड आपली अकरा पोरं मैदानात उभी ऱ्हायलीत, त्यांच्या पाठी उभा ऱ्हा."

"व्हय म्हाराजा."

"पंचाच्या डोळ्यावर झापड आली असेल ती दूर कर."

"व्हय म्हाराजा."

"समोरच्या टीमचं वाईट करू नको, पण त्यांचा चेंडू खांबाला लागू दे."

"व्हय म्हाराजा."

कप जिंकण्याचं मागणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. "आधी पात्र होऊ दे," एवढंच. हे त्यांचं पालुपदच होतं. माझ्या मुलीसाठी आम्ही स्थळं बघायला लागलो तेव्हाही म्हणाले, "बघण्याचा कार्यक्रम म्हणजे पात्रता फेरी रे. मात्र पात्र त्यांनी व्हायचं. आपली पोर कायमची फायनलला."

आता जे लिहायचं आहे ते मी घरातही सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी सुधाभाऊंनी गाऱ्हाण्याचा दिवस कळवला. त्याच सकाळी मुलीला बघायला पोफळीहून पाहुणे यायचे होते. मी "बघतो" एवढंच म्हटलं. पाहुणे आले, पोहे झाले, बोलणी चांगली चालली होती. निघताना मुलाचे वडील म्हणाले, "तुमच्या ग्रामदेवतेला हात जोडून जाऊ." नाही कसं म्हणणार?

देवळात सुधाभाऊ उभे. मफलरासकट.

मी खांबाच्या बाजूला सरकलो. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि वळून सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, सात समुद्रापल्याड…" आणि थांबले, मला जागा देण्यासाठी.

मी काही बोललो नाही.

"लेफ्ट बॅकच्या गुडघ्याला बळ दे." पुन्हा थांबले. गाभाऱ्यातला पंखा तेवढा घरघरत होता.

मुलाच्या वडिलांनी हसू आवरत विचारलं, "कोण हो हे? तुमच्या ओळखीचे?"

"नाही," मी म्हटलं. "असतात इथे कुठेतरी."

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. माझ्या मुलीला पोहायला शिकवलं ते ह्याच माणसाने.

त्यांनी ऐकलं असणार. देऊळ केवढं ते! पण मान वळवली नाही. पंच झाला, खांब झाला, प्रत्येक मागणीनंतर माझ्यासाठी ठेवलेली जागा तशीच रिकामी गेली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि बा देवा, इथलीच एक पोर आहे. नाव घेत नाही, तुला ठाऊक आहे. तिच्या दारात जो कोण येईल तो तिला पात्र असू दे."

ह्या वेळी ते थांबले नाहीत. स्वतःच हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

सगळ्या गाऱ्हाण्यात तेवढं एकच त्यांनी अधांतरी सोडलं नाही.

टीम पहिल्याच फेरीत गेली. आमच्या मुलीचं लग्न जमलं. मी पेढे घेऊन गेलो तेव्हा सुधाभाऊंनी अख्खा पेढा तोंडात टाकला. "आपली पोरं गेली बाहेर. पंच आंधळा होता. पण तुझं जमलं ना, मग झालं तर!" देवळातलं मी तिथेच कबूल करायला हवं होतं. रिकामा डबा घेऊन परत आलो.

लग्नात त्यांनी मफलर घातला नव्हता. मला विचारायचं होतं, विचारलं नाही. कारण मला माहीत होतं.

यंदा श्रावण लागला आणि मी दाराकडे लक्ष ठेवून बसलो. ते आले नाहीत. शेवटी गडग्यावरून मीच विचारलं, "सुधाभाऊ, यंदा गाऱ्हाणं कधी?"

ते अबोलीला पाणी घालत होते. "उद्या सकाळी. पण यंदा मनातल्या मनात घालीन म्हणतो. तुझ्याकडे पाहुणे असतात."

टोमणा असता तर बरं झालं असतं. आवाजात टोमणा नव्हता, माझी सोय होती.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता गेलो. सुधाभाऊ देवापुढे डोळे मिटून उभे होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. देवळात बरीच माणसं होती. मी त्यांच्या शेजारी जाऊन हात जोडले आणि माझ्या लक्षात आलं की कुठे "व्हय" म्हणायचं तेच कळत नाही. त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो. एकदा ते जरा थांबल्यासारखे वाटले.

"व्हय म्हाराजा!" आवाज इतका मोठा निघाला की गुरव गाभाऱ्यातून बाहेर आला आणि सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं.

सुधाभाऊंनी डोळे उघडले नाहीत.

"घाई करू नको," ते म्हणाले. "अजून गुडघ्यापर्यंत आलो नाही."

मग पिशवीतून मफलर काढून त्यांनी गळ्याभोवती गुंडाळला, घसा खाकरला, आणि पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सुरुवात केली.