नुसतं खक् आणि फांदीचं खक्

एका जंगलात, बाळांनो, वाघ एकच होता आणि त्याच्याविषयीचे नियम मात्र दोन होते.

तिथल्या पाणवठ्यावर ठिपकी नावाची हरणी पाणी प्यायची. पिताना मान खाली जाते. मग वाघ दिसायचा कसा? म्हणून तिची सगळी भिस्त झाडावर पहारा देणाऱ्या वानरावर.

पहारा म्हाताऱ्या तुरेबुवांचा. त्यांना जुनाट खोकला. त्यामुळे रीत अशी पडली, की नुसतं 'खक्' म्हणजे खोकला. आधी फांदी हलवून मग 'खक्' म्हणजे वाघ. हरणं तेवढ्यावर वर्षानुवर्षं जगली.

मग चपळराव नावाचं तरणंबांड वानर पहाऱ्याला आलं.

"वाघासाठी एवढी मेहनत आणि खोकला मात्र फुकट? उलटं करा!" तो म्हणाला. "नुसतं 'खक्' म्हणजे वाघ. खोकायचं असेल तर आधी फांदी हलवा."

बोलणं शहाणपणाचं होतं. पंचाईत झाली ती त्यामुळेच.

सभा बसली. "माझी हयात फांदी हलवण्यात गेली रे!" तुरेबुवांना रडू फुटलं. मग कोणालाच दुखवायला नको, म्हणून दोन्ही रीती ठेवल्या. नवी वापरायची तर पहारा सुरू करताना "नवी!" असं ओरडायचं. कोणी ओरडलं नाही, तर जुनी समजायची. सगळे खूश होऊन घरी गेले.

एका दुपारी ठिपकी तहानेनं कासावीस होऊन आली. पाण्याला तोंड लावलं, तोच फांदी हलली.

"खक्!"

ठिपकीनं झटकन मान वर केली. "चपळभाऊ, हे जुनं की नवं?"

"सकाळीच ओरडलो होतो की, ताई!"

"सकाळी मी इथं होते का?"

"त्याला मी काय करू? नियमात बसतं ते केलं."

"अरे, माझा जीव जाईल ना!"

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी करवंदीच्या जाळीतून वाघ वैतागून बाहेर आला.

"एकदाचं सांगून टाका रे! तुम्ही मला पाहिलंय की नाही? पाहिलं असेल, तर मी उगाच ताटकळत बसत नाही."

"खक्!" चपळराव नव्या रीतीनं किंचाळला. ठिपकी मात्र वाघाला बघूनच पळाली होती. ती थेट पलीकडच्या टेकडीवर थांबली आणि मनसोक्त हसली.

वाघ उपाशीच परतला.

तात्पर्य : सर्वांना कळेल असं कधी बोलू नये. सर्वांत वाघही येतो.