पाळणा निघाला माहेरी

वीरेशअप्पांनी एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवसुद्धा त्यांना अडवू शकत नाही, असं निदान अप्पांचं मत होतं. "वर्षभर न वापरलेली वस्तू घराबाहेर!" हे वाक्य त्यांनी मोबाईलवर ऐकलं आणि रविवारी, बायको मंजुश्री उदगीरला लग्नाला गेलेली बघून, लातूरच्या घरातला माळा रिकामा करायला घेतला.

अकरापर्यंत भंगारवाल्याचा टेम्पो रुखवतासारखा भरला! फुटका कूलर, तीन पायांचं टेबल, बिनदांड्यांच्या छत्र्या आणि सगळ्यात वर लाकडी पाळणा. अप्पा स्वतः त्यातच वाढलेले. पण बावन्नाव्या वर्षी ते काही त्यात मावणार नव्हते.

टेम्पो गेला. अप्पा दुपारचं जेवून आडवे होतात न होतात तोच मंजुश्रीचा फोन आला.

"अहो, आपल्या सृष्टीला दिवस गेलेत! तुम्ही आजोबा होणार!"

"काय सांगतेस!"

"माळ्यावरचा पाळणा तेवढा पुसून ठेवा. पोरीनं पहिलं तेच विचारलं!"

अप्पांच्या तोंडून नुसता "हो" निघाला, तोही अर्धाच.

लगेच टेम्पोवाल्याला फोन. तो म्हणाला, "पाळणा? मुरुडात एका म्हातारीनं पाराजवळ टेम्पो आडवला की! 'उतरव' म्हनली. मी लई भ्यालो, दिला!"

मुरुड! अप्पांचं जन्मगाव. आई गेल्यापासून वीस वर्षांत तिकडं पाऊल पडलं नव्हतं. त्यांनी स्कूटर काढली.

पार जागेवर होता, पण बाकी गाव धुतलेल्या कापडासारखं आटलेलं! शाळेच्या ज्या भिंतीवरून उडी मारल्याचा पराक्रम ते सृष्टीला रंगवून सांगत, ती त्यांच्या कमरेला लागली. आजूबाजूला कुणी नाही बघून अप्पा वर चढले. पण उतरता येईना! शेवटी एका दूधवाल्यानं काखेत हात घालून खाली घेतलं आणि म्हातारीचं घरही दाखवलं.

घरात आढ्याला पाळणा टांगलेला. आत पाच महिन्यांचं बाळ मूठ चोखत होतं. पाळण्याजवळ बसलेल्या म्हातारीनं चष्मा सावरला.

"वीरू न्हवं का तू?"

उमाकाकू! लहानपणच्या शेजारीण. अप्पांच्या फुटक्या गुडघ्यांवर किती वेळा त्यांनी हळद दाबली असेल! अप्पा पाया पडले.

"काकू, चुकून भंगारात गेला हो. माझा पाळणा…"

"तुजा? आमच्या मालकानं कोरलाय त्यो! त्याच्यावरचा चोच मोडलेला राघू लांबूनच वळखला मी. तू झालास तवा तुज्या आईनं मागून नेलता!"

अप्पा जागच्या जागी गार! आयुष्यभर ज्याला खानदानी म्हणून मिरवलं, तो पाळणा उसना निघाला. बाळ त्यांच्याकडं बघून बोळकं पसरून हसलं. आता याला कुठल्या तोंडानं उठवणार? अप्पांनी हळूच सृष्टीची बातमी सांगितली.

काकूंचा चेहरा फुलला. "आगं बया! कितवा महिना?"

"दुसरा."

"मग तवर माज्या नातीचं हे लेकरू चालाय लागतंय. ये आन् घिऊन जा. पोरीलाबी आण, वटी भरते."

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पर आणून कवा देनार, ते आत्ताच सांग."

"बारसं झालं की लगेच, काकू!"

काकूंनी पाळण्याला एक झोका दिला.

"तुजी आईबी असंच म्हनली व्हती!"