देवी उठेपर्यंत

पितृपंधरवड्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडं धरून पाहिला आणि म्हणाले, "खुब्याचं हाड छान जुळलंय. आता पायावर पूर्ण भार टाका."

वनमालाबाईंनी हात जोडले. "भार सगळा तुळजाईवर टाकलाय, डॉक्टर."

तिच्यावर नंतर, आधी उजव्या पायावर टाका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

वनमालाबाईंची अडचण वेगळीच होती. खुबा मोडण्याआधी यज्ञेशचा पुण्याहून फोन यायचा तो सणासुदीला, तोही घाईत. ऑपरेशन झालं आणि तो रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल करून "आई, पाऊल दाखव बरं," म्हणू लागला. यजमान विष्णुपंत गेल्यापासून त्या घरात त्यांच्याकडं इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. शिवाय दिवाळीचंही त्यानं ठरवलं होतं. आई उभी राहिली नाही, तर सगळे तुळजापूरला. राहिली, तर बायकोच्या, श्रियाच्या माहेरी नाशिकला.

खोटं बोलायचं नाही हा वनमालाबाईंचा नेम. म्हणून त्यांनी देवीला पुढं केलं. नवरात्राआधी तुळजाभवानी सिंहासन सोडून पलंगावर निजते. ती निजलेली असताना आपण घरभर कसं हिंडावं? मग घट बसले. घट बसलेले असताना आपण कसं उठावं? दसरा झाला नि देवी पुन्हा निजली, थकव्याची झोप, कोजागरीपर्यंत. "ती उठली की उठेन," त्यांनी यज्ञेशला सांगितलं.

शेजारच्या नूरजहाँबींनाही हेच सांगितलं होतं. त्या रोज सकाळी येत, केर काढत, चहा करत, दोन घटका बोलत बसत. त्या गेल्या की दार लोटून वनमालाबाई दोन्ही पायांवर चालत परसात जात. वॉकरवर सोवळ्याचं लुगडं वाळत असे.

कोजागरीच्या पहाटे देवी सिंहासनावर बसली. पुण्यात तिथी कुणाला कळते, म्हणून वनमालाबाई निश्चिंत होत्या. दिवेलागणीला नैवेद्याचं दूध गॅसवर होतं, नूरजहाँबी दाराशी बदाम सोलत होत्या आणि मोबाइल पोथीला टेकवून वनमालाबाई सांगत होत्या, "पलंगावरच आहे रे मी अजून."

हे खरंच होतं. तेवढ्यात दूध वर आलं.

नैवेद्याचं दूध उतू जाणं खुबा मोडण्याहून वाईट. त्या ताडकन उठल्या, गॅस बंद केला, पदरानं पातेलं उतरवलं आणि वळल्या, तर यज्ञेश मोबाइलमधून टक लावून बघत होता.

"आई, वॉकर कुठाय?"

वॉकर मागच्या दारातून दिसत होता, लुगडं नेसून.

नूरजहाँबींना राहवलं नाही. "आरं बाबा, आज पुनव न्हाय का? देवी पहाटंच उठली की. म्हून तुजी आई बी उठली."

यज्ञेशचा चेहरा खुलला. म्हणजे आता काळजीच मिटली, नाशिकची तिकिटं काढून टाकतो, म्हणाला आणि फोन ठेवला.

वनमालाबाईंनी दुधावर ताटली झाकली.

"तुम्हाला माहीत होतं?" वनमालाबाईंनी विचारलं.

"कवाचं. भिंतीवरची उच्ची जास्वंद रोज कोन तोडतंय?"

"मग बोलला का नाही?"

"तुमी उठल्यावर म्या सकाळी कुठं जाऊ?" नूरजहाँबींनी बदामाची सालं गोळा केली. "देवी परत कवा झोपती?"

"पौषात. त्या झोपेला मोहनिद्रा म्हणतात." नाव घेताना वनमालाबाई जरा ओशाळल्या.

"लई लांब हाय." नूरजहाँबी परसाकडं बघत राहिल्या. "तवर त्यो वॉकर मला द्या. माजी लेक फलक दुबईवरनं निस्ती ईदला फोन करती."

वनमालाबाईंनी लुगड्याची घडी केली, वॉकर उचलला आणि दोन्ही पायांवर पूर्ण भार टाकत तो शेजारी नेऊन ठेवला. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग दुसरा, असं चालूनही दाखवलं.

"दुखरा कंचा धरू?"

"डावा धरा, उजवा माझा झालाय. आणि फलकचा फोन चालू असताना गॅसवर दूध ठेवू नका."