पुंडलिकबाबांचा क्लच

ओव्हरटेक केल्यावर पुढे जाऊन गाडी थांबवायची, खाली उतरायचं आणि मागे टाकलेल्या माणसाची माफी मागायची, असा नियम पाळणारा ड्रायव्हर मी एकच पाहिला आहे. पेडण्यातले माझे शेजारी पुंडलिकबाब. मागे टाकलेला माणूस बहुतेक वेळा सायकलवर असायचा. तो घाबरून उतरायचा आणि मग दोघंही एकमेकांची माफी मागत उभे राहायचे.

पुंडलिकबाब कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. ओशाळणं हा त्यांचा स्वभाव. दुकानात वस्तू मागताना दुकानदाराला उठावं लागतं, म्हणून ते समोर दिसेल तेच घेऊन येत. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने भोंगा वाजवला की आपल्यामुळे त्याचा खोळंबा झाला असं त्यांना वाटे. "लोकांक कितां दिसतलां?" म्हणजे लोकांना काय वाटेल, हे ते इतक्यांदा विचारत की लोकांना काही वाटेनासं झालं होतं.

अशा माणसाच्या अंगणात निळ्या रंगाची, दोन दारांची, जमिनीला घासणारी स्पोर्ट्स कार उभी होती. ती त्यांच्या मुलाची. सर्वेशने ती जुनी घेतली, तिच्यात मोठा टर्बो बसवला, इंजिनाची ताकद जवळजवळ दुप्पट केली आणि मग तो तारवार, म्हणजे जहाजावर, नोकरीला गेला. जाताना चावी बापाच्या हातात देऊन म्हणाला, "पप्पा, गाडी बघा." पुंडलिकबाबांची बायको केव्हाच वारली होती. घरात बघण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा पुंडलिकबाब गाडी बघू लागले.

बॅटरी उतरू नये म्हणून दर आयतारी, म्हणजे रविवारी, इंजिन चालू करायला हवं. त्या आवाजाने आमची जनेलं, म्हणजे खिडक्या, थरथरायच्या. मग कीर्तनात रडणारं पोर बाहेर न्यावं तसे ते गाडीला इब्रामपूरच्या रस्त्याला नेऊ लागले. तिथल्या काजूंच्या झाडांखाली तिला हवं तेवढं ओरडू द्यायचं आणि परत आणायचं.

चतुर्थी जवळ आली तसे ते एक दिवस खाली मान घालून माझ्याकडे आले. "मास्तर, गाडी ओरडता, पण फुडे सरना." सर्वेश चतुर्थीला रजेवर येणार होता. त्याच्या आत गाडी होती तशी व्हायला हवी होती आणि त्याला काही कळता कामा नये होतं.

आम्ही गाडी म्हापशाला न्यायला काढली. चढावावर मी उतरून चालायचो आणि तिच्याआधी वर पोचायचो. गॅरेजच्या दारात पुंडलिकबाबांनी माझा हात धरला आणि गाडी तुमची म्हणून सांगा, अशी विनवणी केली. मी शाळामास्तर, माझ्याकडे स्कूटर. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून हो म्हटलं.

मिस्त्री कोल्हापूरकडचा, खणखणीत आवाजाचा. त्याने गिअरबॉक्स उतरवला, क्लचची प्लेट काढली आणि चारचौघांत माझ्या नाकासमोर धरली. "मालक, ही प्लेट न्हवं, कोळसा झालाय. निम्मा क्लच दाबून गाडी चालवता व्हय?" त्या चारचौघांत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील होते. मी मान खाली घातली. पुंडलिकबाब हळहळत म्हणाले, "मास्तरांक सवय ना."

मग नवा क्लच निवडायचा आला. मिस्त्रीने हॉर्सपॉवर विचारली. घरातलं एखादं दुखणं सांगावं तशी ती पुंडलिकबाबांनी त्याच्या कानात सांगितली. मिस्त्री म्हणाला, मूळचा क्लच या ताकदीला पुरणार नाही, आज ना उद्या घसरेल. शर्यतीचा घाला, धातूच्या तुकड्यांचा, तो काहीही पेलेल. तसा क्लच घातलेली एक गाडी गॅरेजात होती. ती त्याने मला चालवून बघायला दिली, मी चावी पुंडलिकबाबांच्या हातात ठेवली. पुंडलिकबाबांनी पेडल सोडलं आणि गाडी बेडकासारख्या उड्या मारत एका भाजीवालीच्या टोपलीपाशी जाऊन बंद पडली. त्यांनी उतरून तिची माफी मागितली, तिची सगळी भेंडी विकत घेतली आणि पिशवी सांभाळत परत आले. "हो नाका," म्हणजे हा नको. "हो सगळ्यांक सांगत फिरतलो."

शेवटी त्यांनी पसंत केला तो निराळा क्लच. प्लेट मूळच्यासारखीच, अलगद पकडणारी, पण तिला दाबून धरणारी स्प्रिंग जास्त कडक. ताकद पेलायची, पेडल किंचित जड लागायचं, बाकी सर्वेशच्या पायाला फरक कळायचा नाही. पुंडलिकबाबांचा जीव भांड्यात पडला. त्यावर मिस्त्रीने अट सांगितली. नवा क्लच नीट बसेपर्यंत जोर द्यायचा नाही. रोज गर्दीत, थांबत, निघत, हळूहळू चालवायचा.

गर्दी म्हणजे पेडण्याचा बाजार. ते रोज मला शेजारी बसवून निघायचे. गाडी एवढी बुटकी की नुस्तं, म्हणजे मासळी, विकणाऱ्या बायका वाकून आत बघायच्या. रिक्षावाले कौतुकाने उठून उभे राहायचे आणि पुंडलिकबाब स्टिअरिंग सोडून त्यांना हात जोडायचे.

त्याच फेऱ्यांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सर्वेश उंचापुरा, पुंडलिकबाब चणीने लहान, आणि सीट पार मागे सरकवलेली. सीटच्या काठावर बसून, पायाच्या अंगठ्याने ते कसंबसं पेडल दाबायचे. ते ना पुरतं दाबलं जाई, ना पुरतं सुटे. क्लच जळला तो यामुळे. मी म्हटलं, सीट पुढे घ्या. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले की सर्वेशला कळेल. दुसऱ्या दिवशी मी घरून उशी आणून त्यांच्या पाठीमागे ठेवली.

चतुर्थीला सर्वेश आला. आरती झाल्यावर तो अंगणात गाडीपाशी गेला. आम्ही दोघं मागे उभे. आत बसून त्याने पाय लांब केले. सीट तसूभरही हललेली नव्हती, ते बरोबर पेडलवर पोचले. त्याचा चेहरा उतरला.

"पप्पा, तुमी गाडी कधी भायर काडलीच ना? चावी मी तुमकां फिरूक दिलेली." मग म्हणाला, "तारवार माका दिसतालां, आज आयतार, पप्पा गाडी घेऊन खंय तरी गेल्ले आसतले."

पुंडलिकबाबांचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी गाडी माझी म्हणून भागणार नव्हतं.

"क्लच जळलो," ते म्हणाले. "माझ्याच पायान. नवो घातलां."

सर्वेशला काही उमजेना. मग मी त्याला इब्रामपूरचे रविवार सांगितले, सीटचंही सांगितलं. खाली दांडा आहे, एवढा ओढला की सीट पुढे येते, मग का नाही घेतली, असं त्याने विचारलं. पुंडलिकबाब सदऱ्याच्या टोकाने दाराची काच पुसू लागले.

"फुडे घेतली की तुजी जागा गेली, अशां दिसतालां."

सर्वेशने स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि कसला क्लच घातला, एवढंच विचारलं. पुंडलिकबाब दाराशी उकिडवे बसले आणि सांगू लागले. स्प्रिंग, प्लेट, म्हापशाचा मिस्त्री, भेंडी, सगळं. बोलता बोलता आवाज चढला. आरत्या आटपून रस्त्याने जाणारी माणसं कुंपणाशी थांबून बघू लागली, आणि त्यांना काय वाटेल हे पुंडलिकबाबांच्या मनातही आलं नाही.